रिकाम्या गाडीचं वजन

वडकीच्या पुढं, कॅम्पच्या फाटकाशी
माझी पत्र्याची खोली आणि साठ टनांचा काटा.
गाडी दोनदा चढते त्यावर,
एकदा भरून, एकदा रिकामी.
मधला फरक तो माल.
बाकी सगळं ड्रायव्हरची चादर, जॅक,
केबिनात टांगलेलं लिंबू.

वेमुला साहेबांच्या भिंतीवर मोठा तक्ता.
गिट्टी हिरवी. मुरूम हिरवा.
डांबर पिवळं, कारण ते लांबून येते
आणि वाटेत थंडावते.
रेती गडद हिरवी.
"तीन सप्लायर आहेत, येरमे मॅडम,
एक पडला तरी दोन उभे."

काट्यावरून दिसते ते वेगळं.
तिघांची लेटरहेडं वेगळी, जीएसटी नंबर वेगळे,
एकाच्या बिलावर तर गणपतीही छापलेला.
पण चाकांत अडकलेला गाळ एकच,
आणि रेतीत तेच शिंपले.
माझं माहेर त्याच घाटाच्या काठी.
तो शिंपला मी ओळखते,
दगडावर घासून, भोक पाडून
आम्ही त्यानं कैऱ्या सोलायचो.

सांगितलं मी.
"तिघं नाहीत जी, साहेब. घाट एकच आहे."
ते हसले. माणूस वाईट नाही,
पण त्यांचा तक्ता संगणकातून आलेला
आणि माझा शिंपला पदराच्या गाठीतून.

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी
तहसीलदारांची जीप नदीत उतरली.
बुधवारी तिन्ही फोन बंद.
पुलावर सळया बांधून तयार,
त्यावर कावळे बसू लागले.
त्यातच अर्धे टिप्पर हिंगणघाटच्या जिनिंगला पळाले,
कापसाचं भाडं रोख मिळते.
उकरलेल्या रस्त्याच्या कडेची तूर
धुळीनं पांढरी,
आणि शाळेची पोरं वळणरस्त्यानं
दीड कोस जास्त.

ज्याचा धाक होता ते डांबर मात्र
दिलेल्या तारखेला हजर.
प्लांटच्या टाक्या भरलेल्या. टँकर फाटकाशी उभा.
भंवरलाल चार रात्री बर्नर पेटवून
डांबराला झोपू देत नव्हता.
रोज विचारायचा, खाली कधी होईल?
म्हटलं, रस्ता पुढं सरकला की.
तो म्हणाला,
रस्ता तर माझ्या टाकीत आहे, बाई.

शनिवारी साहेब स्वतः आले काट्यावर.
खुर्ची एकच, तिच्यावर रजिस्टरं.
ते सिमेंटच्या गोणीवर बसले.
बराच वेळ बाहेर पाहून विचारलं,
"अजून काय काय एकच आहे?"

मग मी सांगत गेले, ते लिहीत गेले.
खाणी दोन, पण सुरुंग लावणारा परवानावाला एकच,
त्याच्या पोरीचं लग्न पंचवीस तारखेला.
मुरमाची वाट एकाच धुऱ्यावरून,
आणि त्या धुऱ्यावरून दोघा भावांत बोलणं बंद.
राखेचे बल्कर येतात दोन कंपन्यांचे,
वीजकेंद्र एकच. तिथला संच बंद पडला
तर राख कुठून?
"आणि हा काटा," मी म्हटलं.
"काट्यावर मी. रविवारीसुद्धा."

पेन थांबला.
काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

जाताना त्यांची जीप
सवयीनं काट्यावरूनच गेली.
आकडा उमटला.
कशातून वजा करायचा ते कळेना,
तरी लिहून ठेवला.