कोण आसा

मुलाखतीत विचारतात,
हे गाणं कुठल्या मुलीवर लिहिलंत?
आतू गॉगल कपाळावर सरकवतो
आणि दर वेळी नवी मुलगी सांगतो.
एकदा ती आचऱ्याची होती, एकदा चक्क नागपूरची.

मी बेस वाजवतो. मला कोणी विचारत नाही,
म्हणून इथे लिहून ठेवतो.

सप्टेंबर संपत आलेला. सर्जेकोटला
बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला होता,
आणि आमची प्रॅक्टिस त्याच्याच मागच्या खोलीत,
म्हणजे आम्हीही बसलोच होतो.
विल्सनचा अँप्लिफायर शॉक मारायचा,
त्याच्याखाली त्याच्या आईच्या रबरी चपला.

त्या दुपारी प्रज्योतच्या वडलांची होडी
काठापर्यंत बुडून आली. नुसता बांगडा.
ऊन डोक्यावर, बर्फ नाही,
व्यापाऱ्यांचे टेम्पो सकाळीच भरून गेलेले.

गुणवंती कोचरेकरीण टोपल्यांपुढे उभी राहिली.
"आठशे. कोण आसा?"
"सातशे. कोण आसा?"
लिलाव चढतो, एवढंच आम्हाला ठाऊक.
उतरताना पहिल्यांदा ऐकला.
सहाशे.
पाचशे.
मी पायरीवर होतो, बेस मांडीवर, करायला काही नाही,
तिच्या आकड्यांबरोबर एकेक सूर खाली येत गेलो.
पुढे कोणीतरी छापलं:
'एकाकीपणाचा जिना उतरणारा बेस.'
तो बांगड्याचा भाव आहे.

शेवटी आकडा न घालताच तिने विचारलं,
"कोण आसा?"
बांगड्यांची पोटं फुटू लागली होती.
धक्क्यावर आम्ही, दोन मांजरं,
आणि बिडी विझली तरी ओढत राहिलेला एक तांडेल.
प्रज्योतच्या वडलांनी पहिली टोपली उचलली
आणि पाण्याकडे चालू लागले.

कोल्हापूरच्या स्टुडिओत
शेवटच्या 'कोण आसा'नंतर
प्रज्योतने काठ्या मांडीवर ठेवल्या.
वाटलं, चुकला. पुन्हा घेतलं.
पुन्हा ठेवल्या.
रेकॉर्डिस्ट म्हणाला, इथे भोक पडतंय रे,
झांज तरी मार.
"थंय कोण नव्हता," प्रज्योत म्हणाला.
तासाचे पैसे चालू होते, कोण वाद घालणार?
ती आठ मात्रांची जागा तशीच राहिली
आणि तिनेच आम्हाला आजवर खायला घातलं.

आता त्या जागेत लोक ओरडतात.
कुडाळच्या मैदानावर दहा हजार गळे:
"मी आसंय! मी आसंय!"
पहिल्या रांगेत गुणवंतीकाकी,
कानात कापूस, मांडीवर पिशवी.
कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे आली.
मी पाया पडलो, ती मैदानाकडेच बघत होती.
"ह्ये सगळे त्या दिसा खंय मेल्ले?"

आतू हसला. प्रज्योत वायरी गुंडाळत राहिला.
मग तिने हिशेब काढला:
लिलाव माझो, शेकड्याक पाच माझे.
गाण्याखाली गीतकार म्हणून आतूचं नाव आहे,
अजून आहे.
मी पाकिटात होतं तेवढं दिलं.
तिने थुंकी लावून मोजलं, दोनदा,
पिशवीत टाकलं
आणि म्हणाली,
"ह्यां कमी आसा."