मीठ बघताना

डुलुथमध्ये असताना दर गुरुवारी
उर्होच्या गाडीवरून पाईक यायचा,
बर्फात गुंडाळलेला, उघड्या डोळ्यांचा,
वरच्या कुठल्याशा तळ्यातला.
आई कल्ला उचलून लाली बघायची,
दोन सेंट पाडून घ्यायची
आणि लढाई मारल्यासारखी जिना चढायची.

शुक्रवारी पहाटे लाकडी भांड्यात सुरीचे ठोके.
मासा, कांदा, अंडं, मिरी.
साखर नाही. साखर पोलंडवाले घालतात,
हे ती दर शुक्रवारी नव्याने सांगायची.
सूर्य बुडाला की चुलीला हात लावायचा नाही,
म्हणजे जे चुकलं ते शनिवारभर चुकलेलंच.
म्हणून बोटाच्या टोकावर कच्चा लगदा,
जिभेवर, डोळे मिटून.
चिमूटभर मीठ.
परत बोट.

आम्ही सहा जणांनी शिजलेलं खाल्लं.
कच्चं खाल्लं तिनं एकटीनं.

पुढच्या हिवाळ्यात तिचा रंग
मेणबत्त्यांना जाऊन मिळाला.
तळव्यांना मुंग्या येतात म्हणायची,
जिन्यात मध्येच बसायची,
काहीतरी वर विसरल्यासारखी, की खाली.
शेजारच्या ग्नेशेनं मनगटाला लाल दोरा बांधला.
बाबा म्हणाले, काम फार होतंय.
जीभ मात्र गुळगुळीत झाली होती, आरशासारखी,
आणि तिला मिठाची चवच कळेना,
हे तिनं कोणाला सांगितलं नाही.
सगळं पोटात ठेवायची सवय.

लिंडक्विस्ट डॉक्टरांनी दोन दिवस उपाशी ठेवलं,
नेच्याचा कडू अर्क दिला,
वर जुलाबाचं मीठ.
मग पत्र्याच्या घमेल्यात, कोमट पाण्यात
ती पांढरी फीत उलगडत गेली
आणि उलगडतच गेली.
बाबा शिंपी. दारात उभे होते.
त्यांचा अंगठा आणि तर्जनी
हवेत नकळत पुढे सरकत होती.
सोळा फूट, ते नंतर म्हणाले,
एका माणसाच्या सुटाला सोळा फूट लागत नाही.

डॉक्टर पेन्सिलीनं डोकं शोधत होते.
डोकं राहिलं तर सगळं पुन्हा वाढतं.
शोधता शोधता सांगत होते,
हा इथला नव्हे, बाल्टिककडचा.
कोणाच्या तरी पोटात बसून बोटीनं आला,
तळ्यात उतरला, पाण्यातल्या पिसवेत शिरला,
पिसवेतून चिंगळीत, चिंगळीतून पाईकमध्ये,
आणि तिथून, बाई, तुमच्या बोटावर.
आई पहिल्यांदाच हसली.
बंदरावर आमच्या पापण्या उलटून बघितल्या, म्हणाली,
केसांत कंगवा घातला,
छातीला नळी लावली.
याला कोणी काही विचारलं नाही.

डोकं सापडलं. तिळापेक्षा जरासंच मोठं.
इतक्या लहान तोंडानं
वर्षभर माझ्या आईचं मीठ खाल्लं
आणि मिठाला जागलं नाही.
मी रागावले होते. ती नव्हती.
ती त्याच्याकडे बघत होती
तशी ती भाडेकरूकडे बघायची,
जो भाडं न देता निघून गेला
पण निदान निघून गेला.

मार्चमध्ये परत मासा आणला.
परत ठोके, परत मिरी.
तिचं बोट ओठापर्यंत आलं.
खिडकीत उजेड उतरायला लागला होता.
बोट तिनं एप्रनला पुसलं,
अंदाजानं मीठ टाकलं,
आणि मग, स्वतःवर विश्वास नसल्यासारखं, अजून थोडं.

त्या रात्री मासा खारट झाला.
बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.
कोणी काही बोललं नाही.
पाण्याचा जग मी तीनदा भरला.