एकशे वीस घोडे

एवाझिओ बोस्सो गाडीतून उतरले
आणि टोपी काढून म्हणाले, चढावर टपालवाली पुढे गेली.
कुठली टपालवाली?
ती, विजेवरची पिवळी डबी घेऊन फिरते ती.
हात हलवून गेली, म्हणाले,
आणि गेल्यापेक्षा हात हलवल्याचाच राग जास्त होता.

लाल गाडी, दोन आसनं, कापडी छप्पर,
कागदावर एकशे वीस घोडे.
पाय दाबला की गुरगुरते, पण हलत नाही,
निघते निघते म्हणत उंबऱ्यातच
गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या पाहुणीसारखी.

मी बॉनेट उघडलं.
एकशे वीसातलं नेमकं कुठलं घोडं पेंड खातंय
हे बघायचं तर एकेकाच्या तोंडात हात घालावा लागतो.

आधी हवा. फिल्टरमध्ये पॉप्लरचा कापूस,
मेलेली मधमाशी, भाताचा भुसा;
पो नदीकाठची सगळी शेतं हुंगून आली होती.
बदलला. फरक शून्य.
मग ठिणगी. चार प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले,
तीन बदामी, एक काळा.
काळ्याची वायर भेगाळलेली. नवी घातली.
आवाज गोड झाला. वेग तोच.

पेट्रोलचा दाब ठीक.
सायलेन्सरमागे तळवा धरला: श्वास ऊन, मोकळा.
चाकं अधांतरी उचलून हाताने फिरवली,
ब्रेक कुठे धरून बसलाय का बघायला; नव्हता.
हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरात क्लच सोडला,
इंजिन जागच्या जागी मेलं.
म्हणजे क्लचही प्रामाणिक.

बोस्सो रोज येत. उलट्या क्रेटवर बसून
हेझलनट फोडत, टरफलं कोटाच्या खिशात टाकत.
एक शब्द बोलत नसत. त्याचाच त्रास व्हायचा.

तिसऱ्या दिवशी वैतागून इओनुत्सला म्हटलं,
आत बस, पाय पार तळापर्यंत दाब.
दाबलाय.
तळापर्यंत!
मालकीणबाई, याच्याखाली रस्ताच आहे.

मी इंजिनवर वाकले होते. हवेची झडप
अर्धीच उघडली होती,
दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसाच्या डोळ्यासारखी.

पायाखालचा गालिचा उचलला.
पेडलच्या बरोबर खाली बाटलीचं बूच,
पितळी स्क्रूने घट्ट बसवलेलं,
बार्बेराचा डाग अजून जांभळा.

हे कोणी लावलं?
बोस्सोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मीच, म्हणाले.
नोएमीला लायसन्स मिळालं त्या आठवड्यात.
रात्री, टॉर्च दातांत धरून.
तिला सांगितलं नाही. मग सांगायचं राहिलं.
मग मीच विसरलो.

एकोणीस वर्षं.
नोएमी आता रॉटरडॅममधून चाळीस टनी ट्रेलर हाकते.
एकोणीस वर्षं हा माणूस
साठ, फार तर सत्तर घोड्यांवर
द्राक्षतोडणीला गेला, दवाखान्यात गेला,
एका अंत्ययात्रेमागून गेला, जिथे तशीही कुणाला घाई नव्हती,
आणि त्याला काही कमी पडलं नाही
टपालवालीने हात हलवेपर्यंत.

काढू?
काढ.
बूच टरफलांच्या खिशात गेलं.

टेकडीवर आवाज चढत गेला,
वळणावर किंचाळला, कुणाची तरी कुत्री पिसाळल्यागत भुंकली.
इओनुत्सने पाना खाली ठेवून शिट्टी मारली.

नऊ मिनिटांत परत.
केस उभे. इंजिन बंद, तरी दोन्ही हात स्टिअरिंगवरच.
टोपी उडाली, म्हणाले.
नंतर बराच वेळ काही नाही.
मग खिशात चाचपून, टरफलं बाजूला सारत,
बूच माझ्या तळहातावर ठेवलं.

याचं अर्धं होईल का?
टपालवालीपुरतं.

करवतीने कापलं. आतून अजून वाइनचा वास.
बिलावर लिहिलं: फिल्टर एक, वायर एक,
मजुरी तीन दिवस,
बूच अर्धं.
त्याच्यापुढे आकडा सुचेना, जागा मोकळी ठेवली

आणि बिल टपालाने पाठवलं.