तीस सेकंद

खुर्चीला हात नाहीत.
आपले हात छातीवर आडवे घ्यायचे,
तळवे जमिनीला,
आणि नाझनीन तांबोळी घड्याळाचं बटण दाबते.
उठा. बसा. उठा.
कुंजीरकाका, सात.
ती वहीत सात लिहिते,
चेहऱ्यावर काही येऊ देत नाही.

बत्तीस वर्षं लेथवर काढली मी, पिंपरीत.
दोन थाउचा फरक बोटाने सांगायचो,
मायक्रोमीटर नंतर नुसता हो म्हणायचा.
आता शर्टाचं बटण बोटांना कळत नाही,
आणि केमो चढली की आठवडाभर
गार लोखंड धरवत नाही, करंट बसतो.
मालन पाणी कोमट करून देते,
पेला रुमालात गुंडाळून.
लोखंडानं असं उलटावं माझ्यावर?
मालन म्हणाली,
त्याचंही वय झालं असेल.

पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
कशासाठी गं पोरी हे?
यकृतात गेलंय माझं. फाइल वाचलीस ना?
वाचली, म्हणाली.
संडासला एकटं जायचंय की कुणाला धरून?
मोमीनपुऱ्यातली आहे. पुण्याबाहेर
असं कुणी विचारत नाही.
मी उठलो.

मग कॉरिडॉर. तीस मीटर,
दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
रस्ता खोदून महापालिका विसरून जाते तसले.
सहा मिनिटं, जमेल तेवढ्या फेऱ्या.
माझ्यापुढे रणपिसे सर, चित्रकलेचे मास्तर,
सलाइनचा स्टँड ढकलत,
त्याचं एक चाक सारखं किरकिरायचं.
कुंजीर, तुम्ही कारखान्यातले,
घाला की याला तेल.
पुढच्या खेपेला खिशात बुधली घेऊन गेलो.
सर आले नव्हते.
त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही.
नाझनीनने त्यांचं पान उलटलं,
मी बघतोय हे तिला कळलं, आणि आम्ही दोघं
दुसरंच काहीतरी बोललो.
तेल घातलं मी. वाकून, चारही चाकांना.
स्टँड आता आवाज न करता जातो,
कुणातरी बाईंबरोबर.

घरी, दापोडीत,
लाल रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधलाय.
पाण्याच्या दोन बाटल्या, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या,
पुढच्या महिन्यात म्हणे एकेक लिटर.
शेजारचा पोरगा विचारतो, आजोबा, बॉडी बनवताय?
उलट्यांच्या दिवशी काही नाही,
पडल्या पडल्या फक्त घोटे फिरवायचे.
तेही लिहा, ती म्हणते, सोडू नका.
घोटे.
एवढाच शब्द असलेली पाच पानं आहेत माझ्या वहीत,
आणि एका पानावर मालनचं अक्षर,
कारण पेन धरवत नव्हतं.

सात. नऊ. मग पांढऱ्या पेशी पडल्या,
सहा.
पुन्हा नऊ, त्या दिवशी मी चहा पाजला सगळ्यांना.

आज स्कॅनचा कागद हातात आला.
नव्या दोन. जुनी चार मिलिमीटरनं वाढलेली.
चार मिलिमीटर!
आमच्याकडे एवढ्या फरकाला
अख्खा लॉट भंगारात जायचा.
वाटलं, आज ती म्हणेल, राहू द्या काका.
तिनं कागद वाचला, दोनदा.
टेबलावर पालथा घातला.
खुर्ची भिंतीला नीट टेकवली, घसरायला नको म्हणून,
आणि घड्याळ घेतलं.

पाचला श्वास लागला.
आठला गुडघा बोलला, डावा.
दहा.
अकराव्याला मी मधेच होतो,
धड बसलेला नाही, धड उभा नाही,
मांड्या थरथरताहेत,
तेवढ्यात घड्याळ वाजलं.

अर्धा धरतात का? मी विचारलं.
अर्ध्याच्या वर असेल तर धरतात.
थांबा तसेच, हलू नका, म्हणाली,
आणि खाली वाकून
माझ्या गुडघ्यांकडे बघू लागली,
कारखान्यात आम्ही जॉब
उजेडाकडे धरून बघायचो तशी.