हजार शब्दांची मर्यादा

फॉर्म म्हणतो: उद्देशपत्र, हजार शब्दांत.
अम्माला सांगितलं, तर मांडीवरच्या सुपातून मान न काढता म्हणाली,
"हजारच? मग दुपारपर्यंत होईल की."

तिचे हजार दुपारी तीनला होतात.
फरमा ठेवून पान कापायचं, चिमूटभर जर्दा,
वळायचं, टोक दुमडायचं, दोरा.
पंचविसांचा कट्टा, असे चाळीस.
माझे हजार दिवाळीपासून चाललेत.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं,
लहानपणापासून मला अर्थशास्त्राची ओढ.
हत्तुरे सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली.
"खोटं बोलतीस, म्याकल.
लहानपणी तुला ओढ होती ती गड्ड्यावरच्या पाळण्याची.
प्रश्न लिही. तो कुठं भेटला ते लिही."

प्रश्न कारखान्याच्या खिडकीत भेटला.
मी आठवीत, अम्माला ताप, पाटी माझ्या डोक्यावर.
चेकर कट्टा सोडतो, बोटांनी चाचपतो:
ही सैल. ही आखूड. हिचं तोंड उघडं.
साठ छाट.
छाटाला मजुरी नाही,
पण छाट कुणी फेकत नाही.
मी पाहिलं, ती मागच्या पोत्यात गेली
आणि संध्याकाळी पोतं शिवलं गेलं.
अशोक चौकापर्यंत चालत येताना
मागमांच्या खडखडाटात मी एवढंच घोकत होते:
वाईट म्हणून नाकारलेल्या मालाचा
मालक कोण?

आता त्याला मी मॉडेलमध्ये थीटा म्हणते.
दर्जा, फक्त एकाच बाजूला दिसणारा.
थीटा शून्य आणि एकच्या मध्ये,
अम्मा खिडकीच्या अलीकडे.

विद्यापीठांची यादी उघडली.
सोफियाच्या खाली, सोमालियाच्या वर
सोलापूर सापडलं, तेव्हा उगीच हसू आलं.
आईचा व्यवसाय: शिक्षण, आरोग्य, शेती, व्यापार, इतर.
"इतर"वर टिचकी मारली.
विडी घरकुलात आमच्या सगळ्या रांगेत इतरच राहतात.

फी नव्वद डॉलर.
"एन्ता?" अम्मा विचारते.
मी रुपये सांगत नाही, विड्या सांगते.
ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहते
आणि मग म्हणते,
"छाट धरून, की सोडून?"

हे वाक्य निबंधात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.
वाचणाऱ्याचे डोळे भरतील
आणि माझं समीकरण कुणी तपासणार नाही,
अशी भीती वाटली.
काढलं.

त्यांची मध्यरात्र म्हणजे आमचे सकाळचे साडेदहा,
आणि आज पाण्याचा पाचवा दिवस.
दहा वाजता नळाला खरखर सुरू झाली, तेव्हा
शब्द होते एक हजार अठरा.
"सदैव" काढला. "नम्रपणे" काढला.
"अत्यंत" तीन ठिकाणी होता, तिन्ही गेले.
सैल. आखूड. तोंड उघडं.
माझी बोटं कुणासारखी चालताहेत
हे तेराव्या शब्दाला कळलं,
पण वेळ नव्हता, उरलेले पाचही काढले.
आणि फेकले नाहीत.
दुसरी फाइल उघडून तिच्यात टाकले,
फाइल बंद केली.

अम्मा बाहेरून ओरडतेय, "अगं, हंडा!"
ओल्या हातानंच बटण दाबलं.
गोल चक्र फिरलं, फिरलं, अर्ज पोहोचला.

"मग? घेतील का?"
"मार्चमध्ये कळेल."
"चेकर कोण आहे तिकडं?"
"चेकर नसतो गं. कमिटी असते."
"खिडकी तरी असती का?
समोर उभं राहून विचारता येतं का, ही का काढली म्हणून?"

हंडा भरून वाहत होता.
मी तो ओढून बाजूला घेतला
आणि नळाखाली बादली सरकवली.
धार बारीक होत चालली होती.