जप्तीची पावती

सकाळी साडेसातलाच मोबाईल थरथरला :
आज धोका – अति.
कोणाला, ते लिहिलेलं नसतं.
मी वहीत उतरवलं : वारा पश्चिमेचा, आर्द्रता अकरा,
शेवटचा पाऊस –
इथे पेन थांबलं.
कोंडाजी गुडघे म्हणाले, "दसऱ्याला चार थेंब, मॅडम.
ते पण येवल्याकडं."

ममदापूरला नाशिक नुसतं जिल्ह्यापुरतं.
द्राक्षं, धरणं, गोदेचे घाट
सगळं मावळतीला राहून जातं.
इथे गवत.
गुडघाभर पवन्या, कुसळी,
वारा शिरला की भाकरीच्या पापुद्र्यासारखं वाजतं.
दंव पडलं का बघायला
कोंडाजी पहाटे एक काडी दाताखाली मोडतात.
कट् म्हणाली, की त्या दिवशी चूल नाही, चहा नाही.
हा त्यांचा स्वतःचा जीआर.

काळवीट उभा असतो जाळपट्ट्यात,
आम्हीच माघात जाळून ठेवलेल्या
सहा मीटर रुंद काळ्या रेघेवर,
जिथे चरायला एक पात नाही.
त्याला कोणी सांगितलं?

दुपारी मी ठिणगीच्या डोक्याने विचार करते.
विजेची तार झोळ धरून आहे, तिथून.
ट्रॅक्टरच्या नळकांड्यातून.
धाब्यामागे फुटलेल्या बाटलीच्या बुडातून.
असं कुठून कुठून मी शिरते
आणि दर वेळी
वीस मिनिटांत राजापूरच्या वेशीला पोचते.

चारला बँजो ऐकू आला.
वरात. पुढे जीप, मागे पिकअप,
पिकअपमध्ये फटाक्यांच्या सात पेट्या.
नवरदेवाचे मामा, दराडे, खाली उतरले :
"पोराचं लग्न रोज होतं का?
आणि जंगल कुठंय इथं? गवतच तर हाय."
मला उत्तर सुचेना. नियम सुचत होता, कलम सुचत होतं.
कोंडाजींनी बोट तोंडात घालून ओलं केलं,
मामांच्या नाकासमोर धरलं.
काही बोलले नाहीत.
बोट बघता बघता सुकलं.

बँजो आपोआप थांबला होता.
जीपमधून नवरी म्हणाली,
"देऊन टाका की मामा.
माझं डोकं सकाळपासून ठणकतंय."

पावती फाडली :
दहा हजारी माळ – एक. सुतळी – चार पेट्या.
उरलेल्या दोन, नाव 'चांदणी', रंगीत.
माल परत मिळेल, पावसाळा लागल्यावर.
मामांनी सही केली, तारखेच्या जागी
आहेराची रक्कम लिहिली, मग खोडली.

चौकीला एकच खोली. पेट्या माझ्या खाटेखाली,
वर ओलं गोणपाट.
रात्रीत दोनदा उठले, पाणी मारलं
प्यायच्या हंड्यातलं.
सबंध रानाची भीती
आज माझ्या पाठीखाली, एक वीत अंतरावर,
वासाला थोडी दिवाळीसारखी.

पहाटे दाराबाहेर
कट्.