सिल्यापर्यंतचा बेत

वहीच्या मागच्या पानावर, जिथं एरवी
घरी धाडलेल्या पैशांचा हिशेब असतो,
आज मी किनारा काढला.
वाकडातिकडा. उजवीकडे तरीफ, मग मिर्फा,
पार डावीकडे सिला,
आणि जिथं पेन अडखळलं तिथं रुवैस,
आमची रिफायनरी.

अकरा वर्षं या समुद्राशेजारी राहतोय.
कंपनीच्या बसला पडदे आहेत,
त्यांच्या फटीतून दिसेल तेवढाच तो माझा.
आमचे पंप त्याचंच पाणी ओढतात थंडाव्याला,
त्याचं तापमान मला तासातासाला ठाऊक.
रंग विचारशील, तर थांब,
आठवून सांगतो.

शर्वाणीचा आवाज आला फोनवर, साठवलेला:
बाबा, तिकडे समुद्रगाय असते, पुस्तकात आहे.
ती दूध देते का? आणि
ती तुला ओळखते का?

व्हिसा तीस दिवसांचा. माझी रजा चार.
म्हणून आकडे नीट मांडतो.
विमान रात्री दोनला. गाडी बिनॉयच्या ओळखीतली,
एसी चालतो, मागची काच उतरत नाही.
पाणी दोन खोकी. टोप्या. पोळ्या प्रमिला येतानाच आणेल,
सांगितलं तरी, नको सांगितलं तरी.
शर्वाणीला गाडी लागते: आवळासुपारी.
पहाटे साडेपाचला मिर्फा. ओहोटी.
इंजिन बंद. कुणी बोलायचं नाही,
प्रमिलानं विशेषतः.

ती म्हणालीच, एवढं विमानाचं भाडं भरून
पाणीच बघायचं? देवगडला काय कमी होतं?

कमी नव्हतं.
देवगडला जाळ्यात कासव आलं की बाबा
त्याच्या पाठीला हळदकुंकू लावायचे,
फाटलेल्या जाळ्याबद्दल त्यालाच शिव्या घालायचे
आणि सोडून द्यायचे.
मी होडीत बसून उलट्या करायचो.
म्हणून तर आयटीआय केलं, म्हणून तर इथं.

खरं सांगायचं तर मागच्या शुक्रवारी
मी एकटाच जाऊन आलो.
रोडेलची दुर्बीण गळ्यात, भाडं निम्मं बिनॉयचं.
दोन तास काहीच नाही.
एक निळा पिंप, तो मी समुद्रगाय समजून
वीस मिनिटं पाहिला.
मग बगळे. मग
ट्रकांचा आवाज मागच्या हायवेवरून.
उठणारच होतो, तेवढ्यात
कुणीतरी श्वास सोडला.

आधी ऐकू आला, मग दिसला.
पाळी संपल्यावर हेल्मेट काढून
पायरीवर टेकणारा माणूस सोडतो, तसा.
दोन नाकपुड्या, ओल्या, राखाडी.
नंतर पाठ. नंतर पाणी
जसंच्या तसं, कुणी नव्हतंच असं.
खाली गवत आहे म्हणतात, ती ते चरते,
दर काही मिनिटांनी वर येते.
मी घड्याळ लावलं. ती आली नाही,
किंवा आली आणि मी चुकीकडे पाहत होतो.

हे घरी सांगितलेलं नाही.
वहीत तिच्या नावापुढे लिहिलंय: खात्री नाही.
पोर माझ्याआधी ओरडेल, मी म्हणेन,
कुठं, कुठं गं?
आणि नाहीच दिसली तर
जबल धन्नाला डॉल्फिन, तेही नाहीत तर
सिल्याच्या चिखलात रोहित पक्षी, तेही
भारतातून आलेत असं काहीतरी थाप मारेन.

एक गोष्ट मात्र नकाशात नव्हती, आत्ता ध्यानात आली.
सिल्याकडे जाताना समुद्र उजवीकडे,
प्रमिलाच्या बाजूला.
शर्वाणी मागे, ज्या काचेतून हवी तिथून.
परतताना तो डावीकडे येईल, माझ्याकडे.
तेव्हा दोघी झोपलेल्या असतील,
आणि कॅमेरे आहेत, एकशेवीसच्या वर जाता येत नाही,
मान वळवून बघताही यायचं नाही.

काच थोडी उघडी ठेवीन.